अंगणवाडीतून पहिलीत: मुलांची माहिती पुढे का जात नाही?

रानवाटा

नमस्कार मंडळी. मी जव्हार तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे. अंगणवाडी आमच्या आवारातच भरते, मध्ये फक्त एक भिंत. पलीकडची गाणी मला पाठ झालीत.

शाळा उघडली तो पहिला आठवडा प्रवेशोत्सवात गेला. मिरवणूक, फुगे, नवी पुस्तकं, कागदावर पावलांचे ठसे, साहेबांसोबत फोटो. पुढच्या आठवड्यापासून खरी पहिली सुरू. एक मुलगी काही केल्या तोंड उघडेना. नाव विचारलं की मान खाली. मग एके दिवशी अंगणवाडीचं छप्पर गळायला लागलं म्हणून ती सगळी पोरं माझ्या वर्गात आली. सेविकाताई जाता जाता म्हणाल्या, "सर, तिला उभं करून विचारू नका. हातात काहीतरी काम द्या आणि शेजारी बसा, ती आपण होऊन बोलते. आणि डावरी आहे ती. घरी आजी उजव्या हातात पेन्सिल कोंबते, म्हणून लिहायचं नाव काढलं की आखडते."

ताई तिला तीन वर्षं बघतायत. माझ्याकडे तिच्याबद्दल आलं काय? आधार, जन्मदाखला आणि दोन फोटो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं की वय ३ ते ८ हा एकच पायाभूत स्तर. तीन वर्षं बालवाटिका किंवा अंगणवाडी, आणि पुढे पहिली-दुसरी. म्हणजे कागदोपत्री मी आणि ताई एकाच स्तरावरचे शिक्षक. प्रत्यक्षात त्या महिला व बालविकासच्या, मी शालेय शिक्षणाचा. त्यांची सेविकांची बीट बैठक वेगळी, माझी केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांची शिक्षण परिषद वेगळी. त्यांच्या पर्यवेक्षिका आणि माझे केंद्रप्रमुख एकमेकांना ओळखत असतील असंही वाटत नाही.

तुमच्याकडे कुणी ही सांगड घातली आहे का? शासन निर्णय मीही वाचतो, त्यामुळे ते नकोत. प्रत्यक्ष काय करता ते लिहा.

पुणेरी_आई

सर, धागा छान. पण 'सांगड' या शब्दाचीच मला आता धास्ती वाटते. आमच्याकडे सांगड इतकी पक्की आहे की पोरं गुदमरतात.

मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. नर्सरी ते दहावी एकच इमारत, एकच व्यवस्थापन. तुमच्यासारखी दोन खाती वगैरे काही नाही. तर होतं काय, की पहिलीच्या बाई सिनिअर केजीच्या बाईंना सांगतात, मुलं वाक्यं लिहिणारी हवीत. सिनिअर केजीच्या बाई ज्युनिअरवाल्यांना सांगतात, निदान सगळी अक्षरं यायला हवीत. हे असं उतरत उतरत नर्सरीत येतं, आणि साडेतीन वर्षांचं पोर चार रेघी वहीत ओळीला धरून लिहितंय. 'पुढे जड जाऊ नये म्हणून' हे ठरलेलं उत्तर. बोटांची पकड अजून तयार नाही हे डॉक्टर सांगतात, शाळा नाही.

आणि खरं सांगायचं तर निम्मा दट्ट्या आम्हा पालकांचाच असतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं पोर किती लिहितं याचे फोटो पडतात. ज्या बाई मुलांना मातीत खेळायला सोडायच्या, त्यांच्याबद्दलच 'फी कशाची घेतात' म्हणून तक्रार गेली होती.

तर एकत्र आणलं की झालं, असं नाही. कोण कुणाकडे सरकणार हे आधी ठरवा. पहिली अंगणवाडीसारखी होणार असेल तर माझं अनुमोदन.

खडूस_मास्तर

पुणेरी_आई +१.

रानवाटा, माझा मात्र तुमच्या मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. माहिती पुढे जात नाही म्हणून रडताय, पण गावात माहिती भरपूर पुढे जाते हो. 'याचा भाऊपण असाच ढ होता.' 'त्या वस्तीवरची आहेत, बसणार नाहीत.' तुमच्या ताई चांगल्या आहेत म्हणून त्यांनी कामाचं सांगितलं. दुसऱ्या कुणी 'मंद आहे' एवढंच लिहून दिलं असतं, तर तुम्ही ते वाचूनच वर्गात गेला असता. पोराला पहिलीत कोरी पाटी मिळते हा एक फायदा आहे, तो काढून घेऊ नका.

आण्णा_केंद्रप्रमुख (निवृत्त)

मास्तरांच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्यावर शेवटी येतो. आधी थोडं जुनं, कारण तुम्ही पालघर जिल्ह्यात आहात आणि हा प्रश्न तुमच्याच जिल्ह्यात एकदा सोडवून झालेला आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पोरांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडी त्यांचीच. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हा नाव तेच उचललं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्यांची विकासवाडी फारशी कुणाला आठवत नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. पहिलीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि वर्गात बसायची. मधला बालवाडीत. तिन्हीकडच्या बायका एकमेकींना ओळखणाऱ्या, एकाच पद्धतीत तयार झालेल्या. माहिती 'पाठवायचा' प्रश्नच नव्हता.

योजना सरकारी झाली तेव्हा आहार, लसीकरण, वजन हे सगळं नीट बांधलं गेलं. ते आवश्यकच होतं, त्या काळचं कुपोषण आठवा. पण बालशिक्षण मागे पडलं आणि शाळेशी असलेली नाळ तुटली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो धरतो ६ ते १४ वय. ३ ते ६ साठी कलम ११ आहे, त्यात सरकारने 'व्यवस्था करावी' छापाची भाषा आहे, हक्क नाही.

आता अलीकडचं. कोरोनानंतर २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान आलं. माझ्या नोकरीची ती अखेरची वर्षं, आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांवर मेळावे घेतले. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन, असे स्टॉल. एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा उघडताना. मधल्या काळात वस्तीवर आयांचे गट करायचे आणि त्यांनी घरच्या वस्तू घेऊन मुलांकडून खेळ करून घ्यायचे. माझ्या मते या राज्यात इतक्या वर्षांत झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम, कारण शिक्षक, सेविका आणि आई हे तिघं एका मुलाभोवती एकाच वेळी उभे राहिले.

पण एक प्रसंग सांगतो. बौद्धिक विकासाच्या स्टॉलवर चिंचोके, पावटे आणि करंजाच्या बिया एकत्र करून ठेवल्या होत्या, वेगळ्या करायच्या. एका मुलीने दोन ढीग केले, दोन्हींत सगळं मिसळलेलं. टेबलावरच्या स्वयंसेवक पोराने कार्डावर 'मदतीची गरज' टिकलं. अंगणवाडीच्या ताई मागेच होत्या. त्या म्हणाल्या, "विचार तरी तिला." विचारलं तर मुलगी म्हणते, "हे किडलेले, हे चांगले." आई बाजाराला बियाणं निवडते, तेच तिने केलं होतं. कार्डावर याला रकानाच नाही.

म्हणून मास्तर, तुमची भीती खरी असली तरी उपाय कोरी पाटी नव्हे. ताई मागे उभ्या होत्या म्हणून त्या मुलीवरचा शिक्का टळला. त्या नसत्या तर कार्ड पहिलीच्या सरांकडे गेलं असतं आणि तेवढीच तिची ओळख.

सातपुडा

आण्णा, निवडलेल्या बियांची गोष्ट भारी.

मी धडगाव भागात आहे. इथे मुलं घरात पावरी बोलतात. अंगणवाडी सेविका बहुतेक त्याच गावची सून किंवा लेक, ती पावरीतूनच बोलते. तीन वर्षं पोर खुशाल बडबडतं. मग जूनमध्ये पहिलीत येतं आणि समोर मी, कोल्हापूरचा. प्रमाण मराठीत 'पुस्तक उघडा' म्हणतो. पोर माझ्या तोंडाकडे बघत बसतं. पर्यवेक्षणाला आलेले साहेब म्हणतात, अंगणवाडीत काही शिकवलंच नाही वाटतं.

मी काय केलं ते लिहितो, रानवाटांनी विचारलंय म्हणून. आमच्या सेविकाताईंकडून रोजच्या वापरातले शब्द आणि वाक्यं घेतली. तहान लागली, पोट दुखतं, तो मारतो, मला येत नाही, घरी जायचं. देवनागरीत लिहून भिंतीवर लावली. ही मुलांसाठी नाहीत, माझ्यासाठी. आणि ताईंची गाणी मी पहिलीत तशीच चालू ठेवली, त्याच चालीत. पहिले दोन-अडीच महिने पाठ्यपुस्तकाची घाई करत नाही. विद्याप्रवेश नावाचा तीन महिन्यांचा खेळातून तयारीचा कार्यक्रम एनसीईआरटीने २०२१ मध्ये पहिलीसाठीच दिलेला आहे, त्यामुळे कुणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. तो नसता तरी हेच केलं असतं.

अवांतर: २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून एवढं रण पेटलं, निर्णय निघाला, बदलला, मागे घेतला. बरं झालं मागे घेतला. पण त्या सगळ्या चर्चेत पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या पोराला पहिलीत मराठीच दुसरी भाषा असते, हे कुणी बोललं का?

चिंगी_सोलापूर

इथे वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. माझी आई गेली पंचवीसेक वर्षं अंगणवाडी सेविका आहे, माढा तालुक्यात. धागा तिला वाचून दाखवला. ती बोलली ते लिहिते.

ती म्हणते, सर विचारतात माहिती का जात नाही. अहो, विचारतं कोण? एप्रिलमध्ये शाळेचे गुरुजी येतात ते दाखलपात्र मुलांची यादी मागायला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. पट टिकवायचा असतो, इंग्रजी शाळेच्या गाड्या दारात येऊन उभ्या असतात, त्यामुळे त्यांचीही धावपळ समजते. पण पोर कसं आहे असं आजवर एकाच बाईंनी विचारलं. त्या बदलून गेल्या.

दुसरं. मुलांच्या प्रगतीच्या नोंदी आम्ही ठेवतो. त्या कपाटात राहतात, कारण पुढे कुणाला द्यायच्या हे आम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. वरून तपासणी होते ती पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपची. वजन-उंची भरली का, फोटो चढला का, घरपोच आहाराचं वाटप नोंदवलं का. 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आज कुठला खेळ घेतला हे विचारणारे साहेब विरळा.

तिसरं तिने फार ठासून सांगितलं. पोरं पहिलीत गेल्यावर रडतात, त्यातलं निम्मं रडणं भुकेचं असतं. अंगणवाडीत आल्यावर नाश्ता, मग गरम आहार. तीन वर्षं पोटाला त्या वेळेची सवय. शाळेत खिचडी मधल्या सुट्टीत, एकदाच. साडेपाच वर्षांचं पोर तोवर वाट बघतं, आणि गुरुजींना वाटतं त्याचं लक्ष नाही. शिवाय इथे शू लागली की उठून जायचं, तिथे बोट वर करून विचारायचं. ते धाडस होत नाही, चड्डी ओली होते, मुलं हसतात, दुसऱ्या दिवशी पोर येत नाही. "याला कसला अभ्यासक्रम लागतो?" असं ती म्हणाली.

(हे माझं: २०२३ च्या डिसेंबरात या बायका संपावर गेल्या आणि जानेवारी संपत येईपर्यंत बसल्या. तेव्हा बातम्यांत 'आहार बंद' असं होतं. 'तीन ते सहाच्या मुलांचं शिक्षण बंद' असं मी कुठे वाचलं नाही.)

राईनकाठ

चिंगी, आईंना नमस्कार सांग. भुकेचा मुद्दा वाचून हललो.

मी जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात राहतो. मुलगी गेल्या वर्षी किंडरगार्टनमधून पहिलीत गेली. लगेच 'तिकडे सगळं छान' म्हणणार नाही, इथेही किंडरगार्टन आणि शाळा यांचा कारभार वेगवेगळा आणि वाद तेच. पण एक गोष्ट या धाग्याला लागू पडेल. इथे प्रत्येक प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेवर किंडरगार्टनशी सहकार्य करायची नेमून दिलेली जबाबदारी असते. शेवटच्या वर्षी ती बाई किंडरगार्टनमध्ये येते, मुलांसोबत बसते, खेळते, तिथल्या ताईंशी बोलते. मुलं तिला नावाने ओळखायला लागतात. नंतर मुलांचा गट शाळा बघायला जातो, वर्गात बसून येतो.

खडूस मास्तरांसाठी: मुलाबद्दल दोन्हीकडच्या शिक्षकांनी बोलायला आईवडिलांची लेखी संमती लागते. आम्ही सही केली आणि काय बोलणं झालं ते आम्हालाही सांगितलं. एका ओळखीच्या कुटुंबाने नकार दिला, त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

शिवाय बऱ्याच राज्यांत पहिली-दुसरी मिळून एक 'प्रवेशाचा टप्पा' मानतात. कुणी तो एका वर्षात पार करतं, बहुतेक दोन, कुणी तीन. तीन लागली तरी नापासाचा शिक्का नाही.

पुणेरी_आई

म्हणजे तिकडे शाळा खाली वाकते, आमच्याकडे पोराला वर ताणतात. संमतीची कल्पना फार आवडली.

वयाचंही कुणीतरी बोला. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा पूर्ण झाली तरी चालतात. म्हणजे डिसेंबरातलं मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाचचं असतं, आणि शेजारी बसलेलं जानेवारीतलं जवळपास साडेसहाचं. एकाच बाकावर वर्षाचा फरक! या वयात वर्ष म्हणजे केवढं.

आण्णा_केंद्रप्रमुख (निवृत्त)

बरोबर. आणि हा झाला नियम पाळला तर. शिक्षणाच्या स्थितीचा अहवाल काढणाऱ्या असरने २०१९ मध्ये ४ ते ८ वयाची पाहणी केली होती, २४ राज्यांतले २६ ग्रामीण जिल्हे. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी २१.६ टक्के आधीच पहिलीत सापडली. त्याच्याही आधी आसाम, राजस्थान आणि तेलुगू भागातल्या सुमारे चौदा हजार मुलांचा काही वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास आहे. मुलं अंगणवाडीतून शाळेत, शाळेतून परत अंगणवाडीत अशी ये-जा करतात असं त्यात दिसलं. आपण जी सरळ शिडी कागदावर काढतो, त्या शिडीवर पोरं चढतच नाहीत.

खडूस_मास्तर

संमतीवर माझी हरकत निम्मी कमी झाली. उरलेली निम्मी अशी: सरकारने उद्या हे मनावर घेतलं की एक नवं ॲप येणार. 'बालक संक्रमण पोर्टल'. चाळीस रकाने, जिओ टॅग फोटो, शंभर टक्के न भरल्यास कारणे दाखवा. चिंगीच्या आईच्या डोक्यावर अजून एक ओझं. लिहून ठेवा.

रानवाटा

मास्तर, नाव तरी मोठ्याने घेऊ नका, कुणीतरी वाचत असेल.

सगळ्यांचे आभार. एवढं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या ताईंशी आणि मुख्याध्यापकांशी बोललो. काय ठरलं ते टाकतो, सुधारणा सुचवा.

एक, ॲप नाही, रकाने नाहीत. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल ताई तोंडी सांगतील आणि मी वहीत लिहीन. लिहायला मीच, ताईंवर कागद वाढवायचा नाही. विषय ठरलेले: हे पोर कशात रमतं, कशाने बिचकतं, घरी कोणती भाषा आणि कुणाचं ऐकतं, आणि खाणं-झोप-शू यातलं काही. 'हुशार', 'कच्चा' हे शब्द वहीत नाहीत. कुणी म्हटलंच तर पुढचा प्रश्न, "म्हणजे काय करतो?" किडलेल्या बिया वेगळ्या करते हे आलं पाहिजे.

दोन, आईला समोर बसवून. आमच्याकडे वीटभट्टीला गेलेली कुटुंबं पावसाआधी परततात, त्यामुळे एप्रिलचा मेळावा अर्ध्या मुलांना मिळतच नाही. म्हणून या गप्पा जूनमध्ये, जमेल तशा. आई नको म्हणाली तर नाही.

तीन, फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा मी पलीकडे जाऊन तासभर बसणार. दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला सोबत नेईन. जोडवर्ग असल्यामुळे त्यांना मागे ठेवून जाताही येत नाही, तर हा अडचणीतून निघालेला फायदा.

चार, सकाळचा खाऊ. यावर पैसा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, खिचडीची वेळ पहिली-दुसरीपुरती पाऊण तास अलीकडे घेऊ, स्वयंपाकाच्या मावशी तयार आहेत. शू साठी विचारायची पद्धत पहिलीत बंद. दारावर एक दोरी टांगलीय, जाणारा ती ओढून जातो, इतकंच. दुसरीवालेही आता दोरीच ओढतात.

ती मुलगी डाव्या हाताने लिहिते. आजीशी अजून बोलणी चालू आहेत.

सातपुडा

दोरी उद्याच लावतो.

एक सुचवतो. तुमची बदली झाली तर वही कुठे जाणार? मुख्याध्यापकांच्या नावावर ठेवा, नाहीतर चिंगीच्या आईंनी सांगितलेल्या त्या बाईंसारखं होईल. गेल्या, आणि विचारणं बंद. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेला वर्षातून एकदा तरी सेविकांना बोलवा. आमच्याकडे पर्यवेक्षिका आणि केंद्रप्रमुख दोघांनी तोंडी परवानगी दिली, लेखी मागितलं असतं तर फाईल अजून फिरत असती.

आण्णा_केंद्रप्रमुख (निवृत्त)

लेखी मागू नका. अनुभवाचे बोल.

संपादक मंडळ

प्रवेशाच्या वयाबद्दल आलेले आठ-दहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तो वाद तिकडे घालावा.

चिंगी_सोलापूर

रानवाटा सर, आई म्हणाली वही झकास. फक्त सेविकांना शिक्षण परिषदेला बोलावणार असाल तर दुपारी दोननंतर बोलवा. आहार वाटून, भांडी घासून, ट्रॅकर भरून मगच निघता येतं. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर नकोच, तेव्हा वजनं असतात. मदतनीसतायांनाही बोलवा म्हणाली. पोरं रडली की ती आधी त्यांच्याकडेच जातात.